महागाईचा भार कोणी उचलायचा? : पगारवाढ, नोकरीबदल आणि मावळ

इंद्रायणी तांदळाची जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाली. त्याच वडगावच्या बाजारात या तांदळाचा भाव चढतो तेव्हा तो सगळ्यांना सारखाच चढतो. भाव चढल्यावर पगाराचं काय होतं, ते मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं. लोणावळ्याच्या रेल्वे कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. तळेगाव एमआयडीसीतला पर्मनंट कामगार तीन-चार वर्षांनी होणाऱ्या कराराची वाट बघतो. त्याच्या शेजारच्या मशिनवर ठेकेदाराकडून आलेला आंदर मावळातला मुलगा किमान वेतनावर उभा असतो. तळेगावात राहून हिंजवडीला जाणाऱ्या आयटीतल्या मुलीला वर्षातून एकदा ई-मेल येतो, त्यात टक्क्यांचा एक आकडा असतो. आणि खंडाळ्याच्या बंगल्यावरच्या रखवालदाराचा पगार शेठना आठवेल तेव्हा वाढतो.

महागाईच्या दिवसांत आहे तिथेच राहून पगारवाढ घ्यावी की नोकरी बदलावी, हा प्रश्न या पाचही जणांना पडतो. उत्तर मात्र पाच प्रकारचं निघतं. गेल्या काही वर्षांत तो जरा जास्तच टोचला. एप्रिल २०२२ मध्ये देशातल्या किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्क्यांवर गेला, आठ वर्षांतला सर्वांत वरचा. २०२२-२३ या वर्षाची सरासरी ६.७ टक्के होती. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने हा दर पुन्हा ७.४४ टक्क्यांवर नेला. नंतर तो उतरत ऑक्टोबर २०२५ मध्ये ०.२५ टक्क्यावर आला. पण दर उतरला याचा अर्थ भाव वाढण्याचा वेग कमी झाला, एवढाच. २०२२ मध्ये वाढलेली वाण्याची यादी पुन्हा जुन्या रकमेवर आलेली नाही. त्यामुळे तेव्हा मागे पडलेला पगार आजही मागेच आहे.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं : ज्यांच्या पगारात महागाई भत्ता लिहिलेला नाही, त्यांनी स्वतःच्या जोखमीवर मिळवलेला महागाई भत्ता म्हणजे नोकरीबदल. म्हणून कोणी, कधी आणि किती वेळा नोकरी बदलावी हे ठरवण्याआधी भत्ता कोणाला आहे, कोणाला अर्धामुर्धा आहे आणि कोणाला मुळीच नाही, ते बघायला हवं.

भत्ता आला कुठून

महागाई भत्ता कोणी दानात दिलेला नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, धान्याचे भाव भडकले आणि मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. त्याची मुख्य मागणी महागाई भत्त्याची होती. पुढे गिरणी कामगारांचा भत्ता मुंबईच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाला बांधला गेला. निर्देशांक अमुक इतका वर गेला की भत्ता तमुक इतका वाढणार, ही व्यवस्था रुळली आणि पुढे पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांतही आली.

मग भांडण निर्देशांकावरच आलं. १९६३ मध्ये मुंबईच्या कामगार संघटनांनी हा आकडाच खोटा पडतो, खरी महागाई तो दाखवत नाही, असं म्हणत रान उठवलं. राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीला निर्देशांकाच्या मांडणीत दोष सापडले. घरभाडं किती धरायचं, कुठल्या वस्तूचा कुठला भाव घ्यायचा, या वरवर कारकुनी वाटणाऱ्या बाबींवर लाखो लोकांचं दरमहाचं उत्पन्न अवलंबून होतं, हे तेव्हा उघड झालं.

भत्ता किती ठिसूळ असतो हे १९७४ ने दाखवलं. त्या वर्षी घाऊक भाव २५ टक्क्यांहून अधिक वाढले. मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे संप झाला. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर देणारी इंजिनं जिथे सोडली जातात, त्या लोणावळ्यासारख्या रेल्वेगावाला अशा संपाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. संप मोडला. दोनच महिन्यांत, जुलै १९७४ मध्ये, केंद्र सरकारने अध्यादेश काढून नवी पगारवाढ सगळीच्या सगळी आणि वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने ठेवीत जमा करायला लावला. लोकांच्या हातात पैसा गेला तर भाव आणखी चढतील, असं कारण दिलं गेलं. भाव वाढले म्हणून भत्ता वाढला आणि भाव वाढू नयेत म्हणून तो अडवला.

ज्यांना भत्ता आहे

मावळात केंद्र सरकारच्या पगारावरची कुटुंबं बरीच आहेत. रेल्वे आहे, लोणावळ्याचं नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे, शेजारी देहूरोडला संरक्षण खात्याचे कारखाने आणि डेपो आहेत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगारावर वर्षाला ३ टक्के वाढ मिळते. त्यावर जानेवारी आणि जुलैमध्ये महागाई भत्ता सुधारतो. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढून तो ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये हा भत्ता ५० टक्क्यांवर पोचला, जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. भत्त्याने ५० चा टप्पा गाठला तेव्हा घरभाडे भत्त्याचे दरही वाढले.

या घरांत नोकरी बदलण्याचा विषय सहसा निघत नाही, त्याचं कारण नुसतं ‘सरकारी नोकरी सुरक्षित’ एवढंच नाही. भाव वाढले की निदान मूळ पगाराचं मोल राखलं जाईल, ही तिथे लिखित तरतूद आहे. अर्थात तीही अभेद्य नाही. कोविडच्या काळात जानेवारी २०२० पासून दीड वर्ष भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला गेला. जुलै २०२१ मध्ये तो एकदम २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांचा फरक मिळाला नाही.

एसटीचं उदाहरण याच्या अगदी जवळचं, तरी वेगळं आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तळेगाव आगारासारख्या ठिकाणी महिनोन्‌महिने गाड्या उभ्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५००. नव्यांचा पगार इतका तुटपुंजा होता की सर्वांत मोठी वाढ त्यांनाच द्यावी लागली. त्याचा दुसरा परिणाम असा की वीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या ड्रायव्हरचा आणि नव्याचा पगार एकमेकांच्या जवळ आला. महागाईत सेवाज्येष्ठतेचं मोल असं घटतं.

ज्यांना नावापुरता आहे

महाराष्ट्रात किमान वेतनालाही महागाई जोडलेली आहे. त्याला विशेष भत्ता म्हणतात आणि तो १ जानेवारी व १ जुलैला निर्देशांकाप्रमाणे बदलतो. म्हणजे कागदावर ठेकेदाराच्या कामगारालाही रेल्वेवाल्यासारखाच सहामाही भत्ता आहे. फरक मूळ दरात पडतो. मूळ दर सुधारायला वर्षानुवर्षं लागतात आणि शिळ्या मूळ दरावर कितीही भत्ता चढवला तरी बेरीज किमान वेतनाच्याच आसपास राहते. शिवाय या कामगाराला सात-आठ महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. मग दुसरा ठेकेदार, दुसरं गेट, पुन्हा तोच दर. हा मुलगा कितीदा तरी नोकरी बदलतो, पण त्या बदलाने त्याचा पगार हलत नाही, कारण नवलाख उंबऱ्यात काय आणि चाकणला काय, ठेकेदाराचा भाव एकच असतो. नोकरीबदलाचा फायदा बदलण्यात नसून कोणीतरी जास्त देऊन बोलावण्यात आहे, हे इथे स्पष्ट दिसतं.

अंगणवाडी सेविकांना तर यातलं काहीच नाही. त्यांना मिळतं ते मानधन. त्याला ना वार्षिक वाढ, ना महागाई भत्ता. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ८,३२५ वरून १०,००० रुपये करण्यात आलं. वाढ वीस टक्क्यांची दिसते, पण ती मोर्चे काढून मिळते आणि पुढची कधी मिळेल हे कोणी सांगू शकत नाही. त्यांना बदलायला दुसरी अंगणवाडीही नाही. ज्यांचा मालक एकच आहे, त्यांच्यापुढे नोकरी बदलण्याचा पर्यायच नसतो.

कराराचं गणित

पर्मनंट कामगाराचा मार्ग वेतनवाढ कराराचा. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत गुलाल उधळलेल्या कामगारांच्या फोटोखाली ‘भरघोस वेतनवाढ’ अशी बातमी येते, ती याच कराराची. पूर्वी अनेक करारांत निर्देशांकाशी जोडलेला बदलता महागाई भत्ता असे. आता बहुतेक ठिकाणी एकठोक रकमेचा करार होतो. त्यामुळे करार चालू असताना भाव किती चढणार, याचा जुगार कामगाराच्या माथी येतो.

एक हिशेब मांडून बघू. समजा एका कामगाराचा पगार ४०,००० आहे आणि १२,००० रुपये वाढीचा करार झाला. वाटणी नेहमीसारखी, पहिल्या वर्षी ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांत वीस-वीस टक्के. पहिल्या वर्षी ७,२०० वाढून पगार ४७,२०० होतो. दुसऱ्या वर्षी ४९,६००, तिसऱ्या वर्षी ५२,०००. एकूण वाढ ३० टक्के. महागाई दरवर्षी ७ टक्के धरली तर तीन वर्षांत भाव साधारण साडेबावीस टक्के वाढतात. म्हणजे कामगार पुढे आहे आणि गुलाल उधळणं चुकीचं नाही. पण हाच करार चार वर्षांचा केला तर? चार वर्षांत भाव ३१ टक्के वाढतात आणि पगार ५२,००० वरच थांबलेला असतो. पुढचा करार होईपर्यंत कामगार होता त्याच्या किंचित मागे गेलेला असतो. करारात रकमेवर खल होतो, मुदतीवर कमी होतो. आणि मुदतीचं एक जादा वर्ष सगळी कमाई खाऊन टाकतं. त्यात जुना करार संपून नवा व्हायला आठ-दहा महिने लागले तर फरक एकरकमी मिळतो खरा, पण तोवर वाणी थांबलेला नसतो.

दुसरी मेख ‘सीटीसी’ (कंपनीला पडणारा एकूण खर्च) या तीन अक्षरांत आहे. १२,००० ची वाढ सीटीसीवर असेल तर त्यात कंपनीचा प्रॉव्हिडंट फंडाचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, कधी कधी बस आणि कँटीनचा खर्चही मोजलेला असतो. हातात येणारा आकडा पगार स्लिपवरच कळतो.

कधी कामगारांनी महागाईवर वेगळा तोडगाही मागून पाहिला. २०१३ च्या जूनमध्ये चाकणच्या बजाज ऑटोमध्ये विश्वकल्याण कामगार संघटनेने संप केला, तेव्हा मागण्यांमध्ये कंपनीचे शेअर सवलतीच्या दरात मिळावेत अशीही एक मागणी होती. कंपनीची भरभराट झाली तर तिचा वाटा आपल्यालाही मिळावा, हा त्यामागचा विचार. पन्नास दिवसांनी संप मागे घेतला गेला आणि मागणी तशीच राहिली. पण टक्केवारीच्या पलीकडे जाऊन विचार करणारी ती मोजक्या मागण्यांपैकी एक होती.

जुन्याला टक्केवारी, नव्याला बाजारभाव

ज्यांना करारही नाही, त्या ऑफिसातल्या, सुपरवायझरी आणि आयटीतल्या लोकांचा पगार वार्षिक अप्रेजलवर चालतो. सल्लागार कंपन्यांची सर्वेक्षणं दरवर्षी सरासरी पगारवाढ सांगतात. एऑनच्या सर्वेक्षणात २०२२ ची वाढ १०.६ टक्के होती. सरासरी महागाई ६.७ असताना १०.६ म्हणजे चांगलंच झालं, असं वाटेल. पण ही सर्वेक्षणं मोठ्या, संघटित कंपन्यांची असतात. देशाचं चित्र केंद्राच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत आहे आणि ते बरोबर उलट आहे. महागाई वजा केल्यावर नियमित पगारदार पुरुषाचं मासिक उत्पन्न २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये होतं, ते २०२३-२४ मध्ये ११,८५८ वर आलं. स्त्रियांचं १०,११६ वरून ८,८५५ वर घसरलं. सहा वर्षं पगारवाढ घेत घेत लोक मागे गेले. त्याच पाहणीने २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या नफ्यात २२.३ टक्के वाढ झाल्याचंही नोंदवलं आहे.

एकाच कंपनीत राहणारा मागे का पडतो? जुन्या माणसाचा पगार मागच्या वर्षीच्या पगारावर टक्के चढवून ठरतो आणि नव्याचा त्या दिवशीच्या बाजारभावाने. भाव झपाट्याने वाढतात तेव्हा बाजारभाव टक्केवारीच्या पुढे पळतो. चार वर्षं काम केलेला माणूस ज्याला शिकवतो, तो नवा मुलगा त्याच्याहून जास्त पगारावर आलेला असतो. कंपनीलाही हे माहीत असतं. पण सगळ्या जुन्यांना बाजारभाव द्यायचा तर पगाराचा सगळा तक्ताच बदलावा लागेल. त्यापेक्षा जे जातील त्यांच्या जागी चढ्या दराने नवे घेणं स्वस्त पडतं, कारण बहुतेक जण जात नाहीत.

२०२१-२२ मध्ये मात्र ते गेले. कोविडनंतर आयटीची कामं अचानक वाढली आणि माणसं कमी पडली. मार्च २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण २७.७ टक्के होतं, जूनमध्ये ते २८.४ झालं. टीसीएसमध्ये सप्टेंबर २०२२ ला ते २१.५ टक्क्यांवर गेलं. तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये एक ऑफर दाखवून दुसरी आणि दुसरी दाखवून तिसरी घेणारी मुलं घरोघरी दिसू लागली. पण हा खेळ वर्ष-दीड वर्षच टिकला. मार्च २०२४ पर्यंत दोन्ही कंपन्यांतलं हे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या आसपास आलं. बोलावणारेच थांबल्यावर सोडणारेही थांबले.

अमेरिकेतही हेच घडलं आणि तिथे ते नीट मोजलं गेलं. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्के होती. प्यू रिसर्च सेंटरने एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या काळाचा अभ्यास केला. नोकरी बदललेल्यांपैकी ६० टक्के लोकांचा पगार महागाई वजा जाताही वाढला होता. न बदललेल्यांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के होतं. बदलाच्या बाजूने बोलणारे हा आकडा नेहमी देतात. तो पुरा वाचला तर असंही दिसतं की बदललेल्या दहांपैकी चौघांना फायदा झाला नाही आणि न बदललेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना झाला. त्यातही जे बदलतात ते बहुधा चांगली ऑफर हातात आल्यावरच बदलतात. ज्यांना ऑफर आलीच नाही ते ‘न बदललेल्यां’त मोजले जातात. पुढे २०२५ पर्यंत तिथलाही हा फरक जवळजवळ मिटला.

बदलाची किंमत

नव्या नोकरीचा पगार दिसतो, जुन्या नोकरीत सुटणाऱ्या गोष्टी दिसत नाहीत. पहिली ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्यानुसार सलग पाच वर्षांनंतर ती मिळू लागली. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तोही महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण ४३,००० रुपये होते. सव्वाचार वर्षांवर नोकरी सोडणारा ती मागे ठेवून जातो. नव्या जागी दरमहा निव्वळ २,५०० रुपये जास्त मिळाले तर एवढी रक्कम भरून यायला सतरा महिने लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगारांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. पर्मनंट कामगाराला पाच वर्षांची अट तशीच आहे.

दुसरी गोष्ट ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची. मासिक २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते आणि ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून बदललेली नाही. समजा पगार २०,८०० वरून २२,००० झाला. कामगाराच्या वाट्याचे पाऊण टक्का, म्हणजे १५६ रुपये कापायचे वाचले. पण हक्काची मुदत संपली की चिंचवडच्या मोहननगरातल्या ईएसआय रुग्णालयात बायको-मुलांसह आईवडिलांनाही मिळणारे उपचार बंद. १,२०० ची वाढ एका खासगी दवाखान्याच्या बिलात निघून जाते. बोनसच्या जुन्या कायद्यातही २१,००० चीच रेषा होती. महागाईने पगाराचा आकडा फुगतो, कायद्यातली रेषा जागेवर राहते आणि खरं उत्पन्न न वाढताही माणूस सवलतीच्या बाहेर फेकला जातो.

तिसरी गोष्ट कँटीन आणि बस. अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन देणं जुन्या कायद्याने बंधनकारक होतं आणि चांगल्या कंपन्यांत ताटाचे पैसे नावापुरते असतात. बाहेर डाळ-तेल महागलं तरी आतलं ताट महागत नाही. म्हणजे हे ताट हाही महागाई भत्ताच, आणि भाव जितके चढतील तितकं त्याचं मोल वाढतं. तीच गोष्ट कंपनीच्या बसची. पुणे-लोणावळा लोकलने चिंचवडला जाणं आजही अगदी स्वस्त आहे, पण चाकणला रेल्वे नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीत बाइकवर रोज जायचं तर पेट्रोल आणि वेळ दोन्ही वाढीव पगारातून वजा करावे लागतात. बायकांच्या बाबतीत शिफ्टची वेळ आणि बसचा स्टॉप यांवरच अनेकदा निर्णय होतो. चार हजार जास्त देणारी नोकरी बस नाही म्हणून नाकारली जाते.

चौथी गोष्ट सेवेची. दर नोकरीला प्रॉव्हिडंट फंड काढून घेण्याची खोड फार जणांना असते. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. फंडाबरोबर पेन्शनचे पैसेही काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आणि कपातीची वेळ आली तर औद्योगिक विवाद कायद्याचं जुनं तत्त्व असं की शेवटी आलेला आधी जातो. नोकरी बदलणारा प्रत्येक वेळी रांगेत शेवटी जाऊन उभा राहतो.

थांबण्याचाही धोका असतो

एवढं वाचून ‘आहे तेच बरं’ असं वाटेल, तर तळेगावचंच उदाहरण पुढे आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद केलं. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला गेला. ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा उत्पादन सुरू झालं. मधल्या काळात जुने कामगार न्यायालयात आणि रस्त्यावर लढत राहिले. यांच्याकडे पर्मनंटचं पत्र होतं, संघटना होती, करार होता. नेमक्या महागाईच्या वर्षांत पगारच बंद झाला, तेव्हा वार्षिक वाढीचा प्रश्नच उरला नाही. २०१७ ते २०२० ही तीन वर्षं बाहेरची दारं ठोठावण्याची होती, हे आज म्हणणं सोपं आहे. पर्मनंट नोकरी सोडून दुसरीकडे ट्रेनी म्हणून जायला चाळिशीतला माणूस तयार होत नाही, यात नवल काही नाही.

बाहेरची दारं किती आहेत, हाही प्रश्न असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावसाठी बोलला गेलेला वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला, तेव्हा राजकारण्यांनी एकमेकांवर चिखलफेक केली. पुढे फॉक्सकॉनने त्यातून अंगच काढून घेतलं. कामगाराच्या दृष्टीने अशा प्रकल्पाचा फायदा त्यात लागणाऱ्या माणसांपुरता नसतो. परिसरात एक मोठं गेट वाढलं की बाकीच्या गेटांवरही माणूस टिकवण्यासाठी पगार वाढवावा लागतो. न जाणाऱ्यालाही जाऊ शकण्याचा फायदा मिळतो.

माणसाला अशी मागणी असणं तळेगावला नवं नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगावात सुरू झाला. तिथे काच फुंकायला शिकलेली माणसं देशातल्या दुसऱ्या काच कारखान्यांत गेली. शिकवणारा कारखाना एक आणि शिकलेल्याला बोलावणारे अनेक, अशी स्थिती असेल तेव्हा कारागिराची चलती असते.

लोणावळ्याचा हंगाम

घाटमाथ्यावर हिशेब आणखी वेगळा. लोणावळ्याचं पोट हॉटेलं, चिक्कीची दुकानं आणि बंगले यांवर चालतं आणि ते शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात भरतं. हॉटेलातला आचारी हा इथला सर्वांत मोकळा माणूस. हंगामाच्या तोंडावर चांगला आचारी शेजारच्या हॉटेलने पळवला ही नेहमीची तक्रार, आणि त्याच्या पगाराची वाढ बहुधा त्या पळवापळवीतूनच होते. त्याच भटारखान्यात भांडी घासणाऱ्या मुलाला कोणी पळवत नाही. त्याची कमाई रोख थोडी, पण राहणं-जेवण मालकाचं. म्हणून भाव चढले तरी त्याच्या पोटाला झळ कमी लागते, घरी पाठवायच्या पैशांना मात्र लागते.

बंगल्याच्या रखवालदाराचं तर घरच नोकरीला बांधलेलं असतं. मागच्या खोलीत तो बायको-मुलांसह राहतो. पोरांची शाळा जवळ असते, बायको आसपासच्या बंगल्यांत धुणीभांडी करते. दुसऱ्या कुणी दोन हजार जास्त देतो म्हटलं, तरी खोली लहान असेल किंवा शाळा लांब पडत असेल तर तो हलत नाही. शेठ त्याला वर्षानुवर्षं त्याच पगारावर ठेवू शकतात, कारण त्याच्या पगारातला मोठा हिस्सा खोलीच्या रूपात आहे आणि ती कुठे घेऊन जाता येत नाही. भाडं चढत असताना ती खोली त्याला वाचवते आणि तीच त्याला अडकवून ठेवते.

मग करायचं काय

सरकारी किंवा भत्तेवाल्या नोकरीत असलेल्याने महागाईला घाबरून नोकरी बदलण्याचं कारण नाही. बदलायचीच तर बढतीसाठी किंवा कामाच्या आवडीसाठी बदलावी. करारावरच्या कामगाराने रकमेइतकंच मुदतीवर भांडावं. अप्रेजलवाल्याने दोन-तीन वर्षांतून एकदा बाजारात आपला भाव काय आहे ते तपासावं. जायचं असेल म्हणून नव्हे, तर आपण किती मागे पडलो ते कळावं म्हणून. हातात ऑफर असेल तर नवा आकडा जुन्या आकड्याशी ताडून भागत नाही. ग्रॅच्युइटी, ईएसआय, कँटीन, बस आणि नव्या कंपनीची तब्येत, हे सगळं वजा करून जे उरतं तीच खरी वाढ. आणि बदलाने मिळणारी वाढ एकदाच मिळते. नव्या जागी दुसऱ्या वर्षापासून बदलणाराही ‘जुना’ होतो आणि त्याच्या नशिबी तीच टक्केवारी येते.

पण हा सगळा शहाणपणा एकेकट्याचा झाला. एका माणसाने नोकरी बदलली तर त्याचा पगार सावरतो. ज्याला बदलायला जागाच नाही, त्या सेविकेचा, रखवालदाराचा आणि ठेकेदाराच्या पोराचा सावरत नाही. त्यांच्यासाठी १९४० ची मागणीच आजही सर्वांत व्यवहारी आहे : भाव वाढले की पगार वाढेल, असं लिहून द्या. करारांत एकठोक रकमेच्या जोडीला निर्देशांकाशी बांधलेला भत्ता हवा. मानधनाला तो हवाच. ईएसआय आणि बोनसची पगारमर्यादाही त्याच निर्देशांकाबरोबर वर सरकायला हवी.

आणि ही मागणी करायची योग्य वेळ भाव शांत असतानाची आहे. महागाईचा दर एक-दोन टक्क्यांवर असताना भत्त्याची अट मान्य करायला मालकाला आणि सरकारला फारसं जड जात नाही. दर सात-आठ टक्क्यांवर गेल्यावर तीच अट परवडत नाही म्हणून नाकारली जाते, किंवा १९७४ सारखी दिलेलीही काढून घेतली जाते. लोणावळा-तळेगावच्या कराराच्या टेबलांवर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जे लिहिलं जाईल, त्यावर पुढच्या महागाईत किती जणांना नाइलाजाने नोकरी शोधत फिरावं लागेल हे ठरणार आहे.